धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बदकाचं घरटं सापडलं, सोमवारी निंदण आहे. मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमची साकोलीकडे अडीच एकर धानाची शेती आहे. रोवणी जुलैअखेर आटोपली. आज सकाळी बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत कापत होतो, तर पायाजवळून फडफड करत बदक उडालं. वाकून पाहिलं तर गवताच्या खळग्यात मऊ पिसांवर नऊ अंडी. हात लावला नाही, तसाच मागे फिरलो. मादी समोरच्या बांधीत (धानाच्या खाचरात) उतरली तेव्हा चोच नीट दिसली: काळी, टोकाला पिवळी, बुडाशी दोन लाल ठिपके. म्हणजे हळदी-कुंकू बदकच.

अडचण अशी की सोमवारी निंदणाला बारा बाया सांगून ठेवल्या आहेत. आता नाही म्हटलं तर पुन्हा कधी मिळतील सांगता येत नाही, आणि तण वाढलं की धान गेलं. शेजारचे काका म्हणतात, अंडी घरी ने, खुडूक कोंबडीखाली ठेव. मला ते पटत नाही.

मादी परत येईल का? किती दिवस सांभाळावं लागेल? निंदण घरट्यापासून किती लांब ठेवू? गावचा मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) तीनशे पावलांवर आहे, पण त्याचा सगळा काठ बेशरमीच्या झुडपांनी भरलाय. लहानपणी तिथे देवधान (रानटी भात) आणि गवत असायचं, बदकं तिथेच दिसायची. आता बिचारी धुऱ्यावर येतात असं मला वाटतं.

प्रतिसाद

दादा, अंडी मुळीच हलवू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी नेणं, घरटं मोडणं हे शिकारीतच धरलं आहे. शिवाय कोंबडी त्या पिल्लांना पाण्यावर नेऊन जगायला शिकवणार नाही.

ह्या बदकात एकटी मादीच उबवते. ती घाबरून सुटली तर पाळी घ्यायला दुसरं कोणी नाही. उबवण साधारण साडेतीन आठवड्यांची. रोज एक अंडं घालते आणि शेवटचं घातल्यावरच बसते, म्हणून पिल्लं सगळी बरोबरच निघतात. एका दिवसात आई त्यांना पाण्याकडे चालवत नेते, घरट्यात चारा आणून भरवत बसत नाही. म्हणजे महिनाभराच्या आतच तुमचं काम आहे.

प्रतिसाद

एक चूक मी केली ती सांगतो. आमच्याकडे घरट्याभोवती हातभर गवत ठेवून बाकी धुरा साफ केला. तो झुबका उघड्यावर एकटा पडला आणि दुसऱ्याच दिवशी कावळ्यांनी अंडी फोडली. अजून मनाला लागतं. तुम्ही त्या धुऱ्याचं गवत पुरतं राहू द्या. खुणेची काठी घरट्याशी रोवू नका, लांबच्या कोपऱ्यात रोवा. रोज बघायलाही जाऊ नका, तुमच्या पायवाटेनं कुत्री आणि मुंगूस तिथवर पोचतात.

निंदण त्या बांधीत उन्हं चढायच्या आत उरका आणि घरट्याच्या बाजूची पंधरा-वीस पावलं सोडून द्या. बाया तासन्‌तास तिथेच राहिल्या तर अंडी गार पडतील. आणि बांधीत पाणी तुंबू देऊ नका, धुरा खचला तर घरटं बुडेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. बायांशी बोललो. त्यातल्या एका आजीनेच सुचवलं की ती बांधी सर्वात आधी सकाळी उरकू आणि जेवणाला दुसऱ्या टोकाला बसू. सुटलेल्या पट्ट्यातलं तण पिल्लं गेल्यावर मी स्वतः काढेन. बैलांचं गवत दुसऱ्या धुऱ्याचं.

संध्याकाळी रस्त्यावरूनच पाहिलं. बांधीत बदक दिसलं नाही, ती बसली असावी. आता एकच विचारायचं राहिलं: खोडकिड्यासाठी फवारणी करायची होती. पिल्लं सुरुवातीला पाण्यातले किडेच खातात ना? मग त्या बांधीपुरती फवारणी टाळली आणि किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या तर निभेल का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा, आठवडाभर थांबायची माझी तयारी आहे.