अपॉइंटमेंट चुकवली, कळवलंही नाही: डॉक्टरांनी पैसे घ्यावेत का? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

खिडकी क्र. ३

वेळ घेऊन ठेवायची, आणि मग यायचंही नाही नि कळवायचंही नाही. अशा पेशंटकडून डॉक्टरांनी पैसे घ्यावेत का? माझं उत्तर 'घ्यावेत' असं आहे. आधी हिशेब मांडतो.

सहा तासांची ओपीडी आणि १५ मिनिटांचा स्लॉट, म्हणजे २४ पेशंट. त्यातले तिघं आले नाहीत की ४५ मिनिटं गेली. जागेचं भाडं, नर्सचा पगार, रिसेप्शन, वीज यातलं काहीही त्या ४५ मिनिटांपुरतं थांबत नाही. दुकानातला माल आज खपला नाही तर उद्या खपतो, साडेदहाचा स्लॉट साडेदहाला रिकामा गेला की कायमचा गेला. शिवाय तीच वेळ मागणाऱ्या दुसऱ्या कुणाला आपण 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून आधीच परत पाठवलेलं असतं. खरं नुकसान त्याचं होतं, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

नियम मला असा दिसतो. २४ तास आधी कळवलं तर काहीही नाही. न कळवता पहिल्यांदा चुकवली तर फक्त लेखी समज. दुसऱ्यांदा चुकवली तर तपासणी फीच्या निम्मे पैसे. आणि हे सगळं नोंदणीच्या फॉर्मवर, सहीच्या बरोबर वर, पेशंटला कळेल अशा भाषेत. मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नव्हे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहितासुद्धा आधी जाहीर केलेल्या धोरणानुसार असे पैसे घ्यायला हरकत घेत नाही.

तिरपा प्रश्न

४५ मिनिटं 'गेली' हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात ओपीडी वेळेवर चालते कुठे? अकरा वाजता सव्वादहाचा पेशंट आत असतो. मधला एखादा आला नाही की तुंबलेली रांग जरा पुढे सरकते आणि डॉक्टरांना चहा प्यायला मिळतो. डॉक्टर खरोखर हातावर हात ठेवून बसले तरच तोटा. तुमच्या त्या तीन स्लॉटपैकी असे किती होते, हे मोजल्याशिवाय ४५ चा आकडा वापरू नका.

दुसरं म्हणजे दंड लावला की लोक सुधारतात हे गृहीतच धरलंय. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहापैकी सहा ठिकाणी दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड बंद केल्यावरही खाली आला नाही. आधी लोकांना ओशाळल्यासारखं होत होतं, पैसे भरल्यावर तेही संपलं. दवाखान्यात वेगळं काय होणार? 'पैसे भरलेत ना, मग फोन कशाला करू' असंच होणार.

मोजपट्टी

पाळणाघराचं उदाहरण दरवेळी येतं, पण पेशंटवर केलेला प्रयोगही उपलब्ध आहे. डेन्मार्कमध्ये एका सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात काही पेशंटना आधीच कळवलं होतं, की न सांगता गैरहजर राहिलात तर २५० क्रोनर भरावे लागतील. बाकीच्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. गैरहजेरी दोन्हीकडे साधारण ५ टक्क्यांच्या आसपासच राहिली. म्हणजे दंडाने बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही.

आता आठवण करून देण्याचं बघा. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात (यात अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासतात) आठवण न दिलेल्यांची हजेरी ६७.८ टक्के, मोबाइलवर मेसेज पाठवलेल्यांची ७८.६ आणि फोन केलेल्यांची ८०.३ होती. मेसेज आणि फोन यात फारसा फरक नाही, आणि मेसेज फोनपेक्षा कितीतरी स्वस्त. दंडाचं नाव काढायच्या आधी हे झालंय का, एवढा एकच प्रश्न मी विचारेन.

काही ठिकाणी यावर उतारा म्हणून जास्तीचे नंबर देतात. ते गणितही दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. जागा २० आहेत आणि दहात एक जण येत नाही, म्हणून २२ जणांना बोलावलं. सरासरी १९.८ येतात, म्हणजे छानच. पण सरासरी रोज येत नसते. २१ किंवा सगळे २२ येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे. तीन दिवसांतून एक दिवस शेवटचे एकदोघं उघड्यावर पडणार, आणि ते बहुधा वेळेवर आलेलेच असणार.

दंतकथा

५ टक्के मुळातच कमी आहेत, तिथे दंडाने आणखी काय कमी होणार? जिथे चारातला एक गायब असतो तिथे हाच प्रयोग करून दाखवा, मग बोलू.

आणि सगळं १५ मिनिटांच्या तपासणीवरच का तोललं जातंय? रूट कॅनालसाठी तास-दीड तासाची खुर्ची राखून ठेवतात. तो पेशंट आला नाही की ती जागा भरायला दुसरा तेवढ्याच कामाचा पेशंट लागतो, आणि तो ऐनवेळी मिळत नाही. फार तर दोन तपासण्या आणि एक दात साफ करणं त्यात बसवता येतं.

मात्र एक गोष्ट आमच्याच लोकांना, म्हणजे दंतवैद्यांना, सांगायची आहे. 'तुमच्यासाठी निर्जंतुक केलेली हत्यारं वाया गेली' असं सांगून पैसे मागू नका. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघालेलं सीलबंद पाकीट फोडलं नसेल तर ते पुढच्या पेशंटला चालतं. गेली ती खुर्चीची वेळ, तेवढीच सांगा. अर्धवट राहिलेल्या रूट कॅनालच्या पेशंटला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट समजावणं जास्त गरजेचं असतं: वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. ते झिजलं किंवा फुटलं की लाळ आत शिरते आणि साफ केलेली नळी पुन्हा जंतूंनी भरते. मग काम पहिल्यापासून. हे नीट सांगितलेला पेशंट सहसा चुकवत नाही.

अनुस्वार

दंतकथा यांचा मुद्दा पुढे नेतो. 'वेळ वाया' आणि 'वस्तू वाया' यांची गल्लत होते आहे. वस्तू खरोखर वाया जाण्याचं उदाहरण म्हणजे पेट (PET) स्कॅन, किरणोत्सारी औषध टोचून करायची तपासणी. त्यातलं फ्लोरिन-१८ असलेलं औषध त्या दिवसापुरतं, त्या वेळेच्या हिशेबाने मागवतात. त्याची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते. नऊ तासांत ती जेमतेम ३ टक्के उरते. सकाळी न आलेल्या पेशंटचा डोस संध्याकाळी वापरता येत नाही, फ्रीजमध्ये ठेवूनही उपयोग नाही. तिथे आगाऊ रक्कम घेणं मला पूर्ण रास्त वाटतं. पण याच तपासणीत आणखी एक प्रकार होतो: पेशंट येतो, पण काही तास उपाशी राहायचं होतं आणि तो नाश्ता करून आलेला असतो. स्कॅन रद्द, डोस वाया. हे कुणाच्या खात्यावर टाकणार? सूचना लेखी दिली होती का, यावर ते ठरायला हवं.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी. जर्मनीत नागरी संहितेच्या कलम ६१५ वर असे दावे उभे राहतात. ते कलम पैसे मागू देतं, पण त्या वेळेत जे वाचलं किंवा दुसरीकडून कमावलं ते वजा करायलाही लावतं. म्हणजे रिकाम्या जागी दुसरा पेशंट घेतला असेल तर पहिल्याकडून पूर्ण पैसे मागता येत नाहीत. तिरपा प्रश्न यांचा आक्षेप तिथे कायद्यातच बसवलेला आहे. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या पेशंटकडून चुकवलेल्या भेटीचे पैसे घेता येतात, अट एवढीच की बाकीच्या पेशंटनाही तोच नियम आणि तेवढीच रक्कम लागू हवी. पण गरिबांसाठीच्या मेडिकेडमध्ये ते घेता येत नाहीत. बिल पेशंटच्याच नावे निघतं, विम्याकडे जात नाही, कारण सेवा दिलेलीच नसते. चुकलेली भेट 'तपासणी' म्हणून विमा कंपनीला लावणं हा सरळ खोटा दावा आहे. बिलिंगच्या घाईत ही चूक होते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद वेगळ्या नावानेच ठेवावी.

सोनचाफा

न येणारा माणूस का येत नाही, हे अजून कुणीच विचारलेलं नाही. विसरला हे एक कारण झालं. तारीख फार पुढची दिली, तोवर बरं वाटलं, हे दुसरं. रजा मिळाली नाही. आणणारा माणूस ऐनवेळी अडकला. रद्द करायला फोन केला तर लाइन अर्धा तास एंगेज. नैराश्यात अंथरुणातून उठणं हेच ज्याचं दुखणं आहे, त्याने न येणं हे लक्षण आहे. त्याला दंड लावला की पुढची तारीख तो घेतच नाही. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला 'विसरलात म्हणून पैसे भरा' म्हणणार का? नियमाला अपवाद ठेवू म्हणाल, तर अपवाद मागायलाही तोंड उघडावं लागतं, आणि ज्याला गरज जास्त तोच गप्प बसतो.

आणखी एक बाजू. पैसे जाऊ नयेत म्हणून ताप-खोकल्याचा माणूस उठून येतो आणि वेटिंग रूममध्ये केमोथेरपीच्या पेशंटशेजारी बसतो. संसर्गाचं कारण सांगून अगदी तासभर आधी रद्द केलं तरी पैसे लागू नयेत, हे नियमात पहिल्या ओळीत हवं.

आठवणीचे मेसेज जरूर पाठवा, पण त्यात काय लिहिता ते बघा. तारीख, वार, वेळ, पत्ता, रद्द करायचा नंबर, बस. विभागाचं नाव नको. 'मानसोपचार विभाग' असं लॉक स्क्रीनवर झळकलं आणि घरातल्या कुणी वाचलं, तर तो पेशंट तुम्ही कायमचा घालवलात.

खिडकी क्र. ३

सोनचाफा, संसर्गाचा मुद्दा मान्य, तो नियमात घालायलाच हवा. फोन एंगेज असण्याचाही मान्य. पण 'कारण असू शकतं' म्हणून सगळ्यांनाच मोकळं सोडलं तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. वेळेवर येणारा माणूस तारखेसाठी ताटकळत राहतो.

मोजपट्टी यांच्या अटीला उत्तर: मेसेज दोनदा जावा. एक आठवडाभर आधी, म्हणजे रजा वगैरे बघता येते, आणि दुसरा ४८ तास आधी. दुसऱ्यात उत्तराची सोय हवी: येणार असाल तर १, रद्द करायचं तर २. नुसता एकतर्फी मेसेज अर्धंच काम करतो, कारण येणार नाही हे कळलं तरच जागा दुसऱ्याला देता येते. '२' आलं की ऐनवेळी येऊ शकणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्याला फोन. या यादीत जवळ राहणारे, दुपारी मोकळे असणारे असे लोक वेगळे टिपून ठेवावे लागतात. नुसती वेटिंग लिस्ट वरून खाली वाचत गेलात तर पाचव्या फोनपर्यंत स्लॉट संपतो.

आणि सोमवारची भानगड. सोमवारी सकाळी नऊच्या अपॉइंटमेंटचे '२४ तास आधी' म्हणजे रविवारी सकाळी नऊ. तेव्हा फोन कोण उचलणार? म्हणून कळवल्याची वेळ मेसेजवर पडलेली धरायची, रिसेप्शनने वाचल्याची नव्हे.

तिरपा प्रश्न

एवढं सगळं केलंत तर दंड लावायला उरणार कोण? मोजके लोक. त्यांच्याकडून वसुली करायला बिल काढा, पाठवा, दोनदा आठवण करा, भांडण ऐका. ब्रिटनमध्ये २०२२ साली ऋषी सुनक यांनी पक्षनेतेपदाच्या प्रचारात चुकवलेल्या भेटीला १० पौंडांचा दंड सुचवला होता. डॉक्टरांच्या संघटनेनेच विरोध केला आणि पंतप्रधान झाल्यावर त्यांनी तो बासनात गुंडाळला. दहा पौंड वसूल करायला त्याहून जास्त खर्च आला असता तर नवल नव्हतं.

दंतकथा

म्हणून मागाहून दंड नकोच, लांबलचक कामाला आधी अनामत घ्या. आलात की बिलात वळती. वसुलीचा प्रश्नच उरत नाही.

सोनचाफा

आणि ज्याच्याकडे आज अनामत नाही, त्याचा दात तसाच सडू दे?

दंतकथा

नाही. दुखणं घेऊन आलेल्याला अनामत कधीच नाही, त्याचं दुखणं त्याच दिवशी थांबवायचं. अनामत फक्त ठरवून करायच्या लांब कामाला, आणि तीही आधी एकदा न सांगता चुकवली असेल तरच.

अनुस्वार

एक कलम सर्वांनी घालावं: पैसे थकले म्हणून रिपोर्ट, जुनी कागदपत्रं किंवा चालू औषधाची चिठ्ठी अडवायची नाही. रक्तदाबाची किंवा फिटची गोळी थकबाकीपायी बंद पडली, तर दंड राहील बाजूला आणि डॉक्टरच अडचणीत येतील.

तिरपा प्रश्न

शेवटचं विचारतो. पेशंट वेळेवर आला, डॉक्टर तासभर मागे होते, वाट बघून कामावर निघून गेला. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे काय लिहिता? बहुतेक ठिकाणी 'गैरहजर' लिहितात.

खिडकी क्र. ३

ते चूकच आहे. खुणा तीन हव्यात: आला, आला नाही, येऊन न तपासता गेला. तिसऱ्याला पैसे नाहीत, आणि पुढची तारीख देताना त्याचा नंबर पहिला. आल्याची वेळ रिसेप्शनवर नाव सांगितल्याक्षणी नोंदवायची, डॉक्टरांनी आत बोलावल्यावर नव्हे. १५ मिनिटांच्या स्लॉटला ५ मिनिटं उशीर हा उशीरच धरू नये. १० मिनिटं झाली तर शेवटी बसवावं, पण गैरहजर धरू नये. आणि महिन्याच्या शेवटी ती तिसरी खूण मोजावी. ती दुसरीच्या जवळपास असेल, तर दंडाची पाटी लावायच्या आधी ओपीडीचं वेळापत्रक बदलावं लागेल, हे मी मान्य करतो.