वर्षाची ज्वारी घरात ठेवायची, का सगळं विकून पैसा बँकेत?

बालाघाटचं_रान:
घरात वाद चालू आहे म्हणून इथं विचारायलोय. आमचं चार एकर कोरडवाहू, अंबाजोगाईकडं. त्यातल्या एका एकरात मी दरसाल रब्बीला मालदांडी पेरतो, फक्त खायला. बाकीत सोयाबीन, तूर. धाकटा भाऊ म्हणतो ज्वारी बंद कर, तिथं बी सोयाबीन अन मागून हरभरा घे, विकून पैसा बँकेत टाक आणि लागंल तसं दुकानातून आण, ते साठवण्याचं लचांड कशाला.

मला हे अजिबात पटत नाही. आम्ही पाच माणसं, दिवसाला दोन किलो धान्य लागतं म्हणजे वर्षाला सव्वासात-साडेसात क्विंटल. त्यातली पाच क्विंटल ज्वारी त्या एका एकरात निघते, बऱ्या सालात सहा, आणि कडबा वेगळा. गहू तेवढा विकत. तूर घरची, डाळ करून एरंडेल चोळून ठेवतो. रास झाली की ज्वारी चार-पाच दिवस कडक उन्हात, दाताखाली कटकन फुटली पाहिजे, मग रात्रभर गार होऊ द्यायची कारण ऊन ऊन भरली तर कोठीत घाम धरते, मग थराथराला कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वरून बोटभर चाळलेली राख. आमची आज्जी दर पंधरा दिवसाला कणगीत कोपरापर्यंत हात घालायची. आतली ज्वारी कोमट लागली की म्हणायची कीड पडली, काढा बाहेर. एकदाबी चुकली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात वडील बारा वर्षाचे होते. खडी फोडायला जायचे, सुकडी खायचे, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला, ती खायचे. ते सांगायचे की हातात पैसा असला तरी बाजारात ज्वारी मिळत नव्हती. आणि २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा आमची रास नुकतीच घरात आलेली, पुण्याहून चुलत्याचं आठ माणसाचं बिऱ्हाड आलं ते तीन महिने राहिलं, मीठ-तेल-साखर सोडलं तर दुकानाची पायरी चढावी लागली नाही. आता सांगा, माझं काय चुकतंय.

लातूरचा_हिशेबी:
दादा राग मानू नका पण तुम्ही पन्नास वर्षापूर्वीच्या दुष्काळाची तयारी करायलात. आमचे आबा नेहमी म्हणतात, बहात्तरला खायला नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आता खायला आहे अन प्यायला नाही. २०१६ चा लातूर आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच्या आधी पाणी भरायच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावावं लागलं होतं. तेव्हा किराणा दुकानात ज्वारी, गहू, तांदूळ सगळं होतं हो, मी स्वतः रात्री दोन वाजता घागरी घेऊन उभा होतो आणि घरात धान्याची दोन पोती तशीच पडून होती, शिजवायला पाणी नको का?

दुसरं म्हणजे रेशनवर आज माणशी महिन्याला ५ किलो फुकट मिळतं. उपासमारीची भीती आता तशी राहिली नाही. भीती आहे ती दवाखान्याची. मध्यरात्री ॲडमिट करायची वेळ आली तर काउंटरवर पोतं ठेवणार का? ज्याच्या खात्यात पैसा त्याचा जीव वाचतो. तुमचा भाऊ बरोबर बोलतोय.

बालाघाटचं_रान:
पाण्याचं शंभर टक्के मान्य, ते मी लिहायला पाहिजे होतं. आम्ही स्लॅबचं पाणी धरतो. हजार चौरस फुटाचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर, त्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ५५ हजार लिटर होतं, गळती-सांडलवंड सोडून ४० हजार धरा. पिण्या-स्वयंपाकाला आम्हाला रोज ४० लिटर पुरतं. मार्च ते जून १२० दिवस म्हणलं तर ४८०० लिटर. म्हणजे ५००० ची एक झाकणबंद टाकी पावसाळ्यात भरून ठेवली की उन्हाळा निघतो. धुण्याला, जनावराला नाही पुरत, ते टँकरवरच.

पण पैशाचं नाही पटलं. सोयाबीनचा पैसा बँकेत राहतो कुठं हो? दिवाळीच्या आत खत-औषधाची उधारी, पतसंस्थेचा हप्ता, पोरांची फी, एक लग्न. जानेवारीत खातं कोरडं. मग महिन्याच्या महिन्याला दुकानातून आणायचं ते कशातून? उधारीतूनच ना. दवाखान्याला पैसा लागतो हे खरं, मी शेळ्या ठेवतो त्याच्यासाठी.

सीनाकाठ:
मी परंडा तालुक्यातला. माझ्याकडं बी वर्षाचं धान्य होतं. सप्टेंबर २०२५ ला सीनेचं पाणी रात्रीतून घरात आलं, कमरेएवढं. नऊ पोती ज्वारी, चार पोती गहू, खालच्या खोलीत. तीन दिवसानं पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पोती फुगून शिवण उसवलेली, ज्वारीला कोंब आलेले पांढरे, अन वास असा की आईला तिथंच ओकारी झाली. ती ज्वारी जनावराला घालायची पण भीती, खड्डा करून पुरली. बहात्तरला ज्यांच्या घरात धान्य होतं ते तरले असतील, आम्ही नऊ पोती स्वतःच्या हातानं पुरून नंतर वाटपातल्या किटवर दिवस काढले. एकाच घरात एकाच जागी सगळं ठेवायला मी आता कुणालाच सांगणार नाही.

बालाघाटचं_रान:
वाचून पोटात गोळा आला दादा. याला माझ्याकडं उत्तर नाही. आमचं घर उंचवट्यावर आहे म्हणून मी हा विचारच केला नव्हता.

माजलगावची_मावशी:
सगळे बाप्ये हिशेब करायलेत, मी एक विचारते. हे साठवतं कोण?

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस उन्हाळे मी पत्र्याखालच्या गरमीत खारोड्या घातल्या, कुरडयाचा चीक हाटला, सांडगे तोडले, येसर भाजून दळून आणला, वर्षाचं तिखट कुटलं आणि वरून ज्वारी-गहू वाळवायला बेचाळीस डिग्रीत गच्चीवर. पोतं वर न्यायला गडी असतो, भरायच्या दिवशी मालक असतात. श्रावणात दमट हवा सुटली आणि सोंडे निघाले की सुपात घेऊन पाखडायला कोण असतं? मीच. पाठीचा मणका दुखतो म्हणून डॉक्टरनं वाकू नका सांगितलंय आणि घरात अजून सहा पोती आहेत. सून नोकरी करते, ती म्हणते आई महिन्याचं आणू, मी तिच्या बाजूची आहे. स्वावलंबन म्हणता ना, ते आमच्या कंबरेवर चाललेलं असतं. भाऊ, तुमच्या पोस्टीत सगळं 'आम्ही' आहे. त्यातलं तुमच्या हातानं किती होतं ते एकदा लिहा.

गोदाकाठचा_कंपाउंडर:
मावशी बरोबर आहेत, आणि तो त्रास वाचवायला लोक जे करतात ते त्याहून भयंकर आहे. धान्यात टाकायच्या त्या सल्फासच्या गोळ्या. कृपा करून घरात वापरू नका. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस निघतो, धान्याच्या पोत्याशेजारी माणसं झोपली तर सकाळी उठत नाहीत. याला उतारा नाही. आमच्या दवाखान्यात अशाच एका घरचं लेकरू आणलं होतं, उलट्या म्हणून, बापाला वाटलं जेवणातून झालं. पुढचं लिहवत नाही. कोठी हवाबंद करा, धान्य कडक वाळवा, जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यात हवाच नसली की कीड आपोआप मरते. पण ती गोळी राहत्या घरात नको.

कोयता_धारूर:
तुमचा वाद जमीनवाल्यांचा आहे. आमचं बिऱ्हाड दिवाळीच्या पुढं-मागं कारखान्याला जातं, पाच-सहा महिने उसाच्या फडावर कोपीत. उचल आधीच खाल्लेली असते. आम्ही कोठी कुठं ठेवायची? मागं म्हातारी अन शाळेतली पोरगी राहते, त्यांना मुकादमाकडून नाहीतर शेजाऱ्याकडून मागून खावं लागतं. आमच्या आज्यानं बहात्तरला गावातल्या मोठ्या घरातून सवाईनं ज्वारी आणली होती, पोतं नेलं की सुगीला सव्वा पोतं परत. पुढल्या साली दिढीनं. ज्यांची पेवं भरलेली होती त्यांचंच रान वाढलं बहात्तरनंतर, आमचं दोन एकर त्यातच गेलं. म्हणून साठा म्हणलं की मला राग येतो. दामाजीपंताचं नाव लोक अजून घेतात ते कोठार उघडलं म्हणून.

लातूरचा_हिशेबी:
याच्यावर काही बोलता येत नाही. सवाई-दिढीचं माझ्या आजोळी बी ऐकलंय.

बालाघाटचं_रान:
तिघांचं वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

मावशी, विचारलंत म्हणून लिहितो. पेरणी, काढणी, मळणी, कोठी भरणं माझ्याकडं. वाळवणं, पाखडणं, निवडणं सगळं आई आणि बायको. मी एकदाबी सूप हातात घेतलेलं नाही. काल बायकोला धागा वाचून दाखवला, ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. या सालापासून ज्वारी वाळवणं अन श्रावणातलं चाळणं माझ्याकडं.

धारूरच्या दादा, आमच्या गावात सप्त्याला घरटी दोन-दोन पायल्या ज्वारी गोळा होते, पंगती होऊन दरसाल तीन-चार पोती उरतात ती विकून मंडपाचे पैसे देतो. मी गावात मांडणार आहे की ती विकायची नाही, देवळाच्या वरच्या खोलीत ठेवायची (खोली उंचावर आहे, पुराचं बी भ्या नाही), आणि जी घरं कारखान्याला जातात त्यांच्या मागं राहिलेल्यांना त्यातनं द्यायची, पायली नेली की जमेल तेव्हा पायलीच परत, वर एक दाणा नको. लोक ऐकतील का माहीत नाही. दोघं-तिघं तरी ऐकतील.

पण एकर मी सोडणार नाही. भावाला सांगितलंय.

कोयता_धारूर:
वाटप म्हातारीच्या हातात द्या, पुढाऱ्याच्या नको. आमच्याकडं असंच एकदा सुरू झालं होतं, दुसऱ्या सालाला कुलपाची चावी एकाच घरात गेली.

बालाघाटचं_रान:
चावी दोन घरात ठेवू. एक कारखान्याला जाणाऱ्या घरात.

लातूरचा_हिशेबी:
मला ज्वारीचं अजून पटलेलं नाही, मी पैसाच म्हणणार. पण ती टाकी मला करायची आहे. स्लॅबचं पाणी थेट घेता का गाळून?

बालाघाटचं_रान:
मृगाच्या आधी स्लॅब झाडून घ्या. पहिले दोन-तीन पाऊस पाइप बाजूला वळवून सोडून द्यायचे, कबुतराची घाण असते सगळी. मग पाइपाच्या तोंडाला दुहेरी सुती कापड, मधे वाळू-कोळशाची बादली. टाकीला ऊन लागू देऊ नका, शेवाळ धरतं. पिताना उकळूनच घ्या. अन झाकण घट्ट लावा, सैल राहिलं की डास होतात.