कोल्हापुरात राहून चित्रपट-मालिकांच्या क्षेत्रात प्रवेश कसा करावा?

प्रश्न : करवीरकन्या

नमस्कार. मी मूळची गडहिंग्लजची असून, वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर कोल्हापुरात एका कर सल्लागारांकडे नोकरी करते. महाविद्यालयात एकांकिका केल्या, काहींचे दिग्दर्शनही केले, आणि चित्रीकरणाच्या क्षेत्रात, शक्यतो दिग्दर्शन विभागात, काम करावे अशी तेव्हापासूनची तीव्र इच्छा आहे. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि जेथे १९२९ साली ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीची स्थापना झाली, त्या शहरातील माणसाला पहिल्या कामासाठीही मुंबईच गाठावी लागते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत चित्रीकरणे होतात हे ठाऊक आहे, परंतु तेथे नेमके कोणाला भेटावे हे कळत नाही. अलीकडे एका कास्टिंग एजन्सीने नोंदणी व पोर्टफोलिओसाठी मोठी रक्कम मागितली. ती मी अद्याप दिलेली नाही. घरच्यांना रात्रीच्या कामाची आणि मुलीच्या सुरक्षिततेची काळजी वाटते, त्याविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर : निर्मिती_व्यवस्थापक

ती रक्कम देऊ नका. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. नोंदणी शुल्काच्या नावाखाली पैसे घेणाऱ्यांचा निर्मितीशी बहुधा काहीही संबंध नसतो.

आता कामाविषयी. मुंबईहून येणारे युनिट, म्हणजे चित्रीकरणाचा चमू, दिग्दर्शक, छायालेखक, मुख्य कलाकार आणि विभागप्रमुखांचे नेहमीचे सहायक बरोबर घेऊन येते, त्यामुळे वरच्या जागा येथे रिकाम्या नसतात. मात्र बाहेरून आणलेल्या प्रत्येक माणसाचा मुक्काम, प्रवास आणि भत्ता निर्मात्यावर पडतो, आणि मालिका असेल तर हा खर्च महिनोन्‌महिने चालतो. म्हणूनच लोकेशन, वाहने, जेवण, कलाविभागातील कारागीर, छोट्या भूमिका करणारे कलाकार आणि दिग्दर्शन विभागातील सर्वांत कनिष्ठ सहायक शक्यतो स्थानिक घेतले जातात. घरून ये-जा करणारी सहायक मिळाली तर ती निर्मात्यालाही सोयीची असते. आपला प्रवेश येथूनच होऊ शकतो.

कनिष्ठ सहायकाकडे बहुधा कंटिन्युटी, म्हणजे प्रसंगांतील सातत्य राखण्याचे काम, सोपवली जाते, आणि हे काम बाहेरून दिसते तितके किरकोळ नाही. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. वाड्याच्या ओसरीवरचे सगळे प्रसंग एका दिवसात उरकले जातात, मग ते तीन निरनिराळ्या भागांतील का असेनात. कोणत्या प्रसंगात साडी कोणती होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, कपाळावरची जखम ताजी होती की खपली धरली होती, संवादाच्या कोणत्या शब्दावर पेला खाली ठेवला, हे सर्व टिपून ठेवावे लागते, कारण त्याच प्रसंगाचा उरलेला भाग आठवड्याने, दुसऱ्याच ठिकाणी घेतला जाणार असतो. नोंद चुकली की ती चूक संकलकाच्या टेबलावर उघडी पडते आणि तोवर सेट मोडलेला असतो. हिशेबाच्या वह्या नेटक्या ठेवणाऱ्या व्यक्तीला ही शिस्त लवकर साधते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आपल्या पदवीमुळे कोणी आपल्याला निर्मितीच्या हिशेबासाठीही बोलावील. अशी संधी आल्यास घ्यावी, परंतु आपल्याला दिग्दर्शन विभागात जायचे आहे हे पहिल्या भेटीतच सांगावे. न सांगता व्हाउचर सांभाळत राहिलेली हुशार माणसे पुढे तेथेच अडकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भेटायचे ते प्रॉडक्शन मॅनेजरला, आणि तेही चित्रीकरण सुरू होण्याआधी, युनिट रेकीसाठी, म्हणजे चित्रीकरणाच्या जागा पाहण्यासाठी, आलेले असताना. चालू सेटवर कलाकारांना गाठून काही साध्य होत नाही. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. तेथे सभासदत्वाची चौकशी करावी.

उत्तर : तिसरी_घंटा

वरील मताचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो. सेटवरची पाळी बारा तासांची असते, पुष्कळदा लांबते, आणि त्यानंतर तालमीसाठी माणूस उरत नाही. दिग्दर्शक व्हायचे असेल तर नटाकडून काम काढून घेण्याचे कौशल्य लागते, आणि दैनंदिन मालिकेत कनिष्ठ सहायकाला ते शिकण्याची संधी फारशी मिळत नाही. ते तालमीतच मिळते. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र कोल्हापुरात आहे, शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि हौशी संस्थांना प्रकाशयोजनेपासून रंगमंच व्यवस्थेपर्यंत हातांची नेहमी गरज असते. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाची मोठी हानी झाली, त्याचे दुःख आम्हा सर्वांना आजही आहे. तरीही तालमी थांबल्या नाहीत, मिळेल त्या सभागृहात चालू राहिल्या.

शिवाय चित्रपट पाहण्याची सवय लावून घ्यावी. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे उपक्रम आणि तिचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याच शहरात होतात. चित्रपट संपल्यावर लगेच घरी न जाता चर्चेला थांबावे. लघुपटासाठी सोबती शोधणारी मुले-मुली तेथेच भेटतात, आणि आपले पहिले दिग्दर्शन अशाच एखाद्या लघुपटाचे असावे, असे मला वाटते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. रजा काढून एखादा करता येतो.

उत्तर : सहायक_दिग्दर्शिका

मी सांगलीची असून मुंबईत मराठी मालिकांच्या दिग्दर्शन विभागात काम करते. सुरक्षिततेचा प्रश्न विचारलात हे योग्यच केले. तो विचारायला संकोच वाटू नये. महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या ठिकाणीही लागू होतो, आणि दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असतील तर अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. रुजू होण्यापूर्वी समितीत कोण आहे आणि पॅकअप उशिरा झाल्यास घरी सोडण्याची व्यवस्था कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न निर्मितीला सरळ विचारावेत. नीट चालणाऱ्या युनिटमध्ये त्यांची उत्तरे लगेच मिळतात. टाळाटाळ झाली तर ते काम सोडून द्यावे.

मुंबईविषयी इतकेच सांगते की एका कामाचाही अनुभव नसताना येऊ नये. घोडबंदर रस्ता, मढ, गोरेगाव येथील सेटांवर सहायकांची निवड ओळखीतून होते, आणि ही ओळख म्हणजे आपल्याबरोबर आधी काम केलेल्या माणसाने दिलेला शब्द. कोल्हापुरातील एका मालिकेवर मन लावून काम केलेत, तर तेच युनिट मुंबईला परतल्यावर आपल्याला बोलावील. मालिकांचे मानधन पुष्कळदा ९० दिवसांनी हाती येते, त्यामुळे भाडे, जेवण आणि प्रवास यांसाठी किमान तीन-चार महिन्यांची पुंजी हवी. स्वतः काही लिहिले असेल तर कोणाला वाचायला देण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे त्याची नोंदणी करावी.

करवीरकन्या

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. एजन्सीला आजच नकार कळवते. एक शंका राहते : नोकरी न सोडता सुरुवात करता येईल का?

उत्तर : निर्मिती_व्यवस्थापक

मालिकेत नाही, तेथे रोजची हजेरी लागते. परंतु जाहिराती, माहितीपट आणि संगीताचे व्हिडिओ यांची कामे दोन-चार दिवसांची असतात आणि शनिवार-रविवारीही होतात. लेखापरीक्षण आणि विवरणपत्रांचा हंगाम संपला की रजा जुळवून अशी एक-दोन कामे करावीत, त्यांतील व्यवस्थापकांशी संपर्क ठेवावा, आणि मालिकेचे बोलावणे आल्यावरच राजीनाम्याचा विचार करावा.