सहा महिन्यांची सुई की रोजची गोळी? मुंबईत काय चालेल?

परळकर: एचआयव्ही टाळायला रोज टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनची गोळी (ट्रुवाडा) घ्या, हा आग्रह आता पुरे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, डबी ठेवायची कुठे? सासूला दिसली तर सांगायचं काय? दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या पर्पज-1 चाचणीत लेनाकापाविरच्या, म्हणजे सहा महिन्यांच्या सुईवर 2,134 जणींत लागण शून्य. रोजच्या ट्रुवाडावर 1,068 पैकी 16. गोळी चांगलीच आहे हो, पण ती पोटात जायला हवी ना! त्यापेक्षा वर्षातून दोनदा सुई, विषय संपला.

छातीविभाग: संपला कुठे? मुंबईत टीबी किती, ते सांगायला नको. टीबीचं औषध रिफाम्पिसिन यकृतातलं सीवायपी3ए (औषधं मोडणारं एन्झाइम) इतकं वाढवतं की लेनाकापाविरची रक्तातली पातळी घसरते. टोचलेलं औषध परत काढता येत नाही, मग जादा डोस द्या. टीबी होऊ नये म्हणून देतात त्या 3एचपीमधलं रिफापेन्टिनही त्याच माळेतलं. रोजच्या गोळीतल्या टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलला मात्र रिफाम्पिसिन चालतं, डोसही तोच. घरात टीबीचा पेशंट असेल तर मी गोळीच देईन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून.

सुईघर: 'दोनदा सुई' म्हणणाऱ्यांनी पहिला डोस नीट वाचावा. पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून, दीड-दीड मिलिलीटरच्या दोन सुया, मिळून 927 मिग्रॅ. त्याच दिवशी लेनाकापाविरच्याच 300 मिग्रॅच्या दोन गोळ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. औषध चरबीतून फार सावकाश झिरपतं, सुरुवातीची पातळी या गोळ्याच गाठून देतात. सुई कातडीखालीच गेली पाहिजे; कातडीतच अडकली तर तिथली त्वचा मरून जखम होऊ शकते. गाठ मात्र येतेच बऱ्याच जणांना, महिनोन्‌महिने हाताला लागते. ती औषधाचीच, चोळू नये. पुढचा डोस 26 आठवड्यांनी, दोन आठवडे मागेपुढे. 28 उलटले की टेस्ट करून पहिल्यापासून सुरुवात. गावी जाणार असाल आणि सुई चुकणार असेल तर आधी सांगा: दर सात दिवसांनी हीच 300 मिग्रॅची एक गोळी, फार तर सहा महिने.

रिसेप्टर: सुई-गोळीचं भांडण तात्पुरतं आहे. विषाणू प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशीत शिरतो तो बहुधा पेशीवरच्या सीसीआर5 या दारातून, आपल्याकडचा सबटाइप सी हा प्रकार तर विशेषकरून. ते दार बनवणारं जनुकच कापून टाका.

छातीविभाग: कापून पाहिलंय. 2014 साली जनुक कापणाऱ्या झिंक फिंगर एन्झाइमवाल्या चाचणीचे निष्कर्ष आले: 12 रुग्ण, सगळे आधीच बाधित. पेशी बाहेर काढून, जनुक कापून परत सोडल्या. पण सगळ्या पेशी बदलत नाहीत, उरलेल्यांची दारं उघडीच. शिवाय सीएक्ससीआर4चं दुसरं दार आहेच. धडधाकट माणसाला यासाठी पेशी काढायच्या मशीनला जोडणार?

परळकर: हे पटलं. टीबीचंही पटलं, पण त्यावर जादा डोसचं वेळापत्रक आहे. समुपदेशकानं खोकला विचारायचा, एवढंच.

छातीविभाग: एवढंच नाही. सुई सोडली तरी औषध वर्षभर रेंगाळतं, आणि त्या तुटपुंज्या पातळीत लागण झाली तर विषाणू औषधाला निर्ढावतो. पर्पज-2 चाचणीत सुईवर दोघांना लागण झाली, दोघांच्याही विषाणूत एन74डी हाच, औषधाला दाद न देणारा बदल सापडला. सुई बंद करणाऱ्याला लागणीचा धोका असेल तर शेवटच्या सुईपासून 28 आठवड्यांच्या आत रोजची गोळी सुरू झाली पाहिजे. म्हणजे डबी परत त्याच खोलीत.

सुईघर: आणि ताजी लागण रॅपिड किटवर निगेटिव्ह दिसू शकते. अशाला गोळी दिली तर ती किमान थांबवता तरी येते. सुईआधी चौथ्या पिढीची टेस्ट (अँटिबॉडीबरोबर विषाणूचं प्रथिनही शोधणारी), शंका असेल तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणं.