मत्स्यशास्त्रानंतर संवर्धन-धोरणात जायचंय, पुढे काय शिकू?

खाडीकाठची: रत्नागिरीजवळ शिरगावला बी.एफ.एससी.चं (मत्स्यशास्त्राची पदवी) शेवटचं वर्ष. मुश्या (शार्क), पाकट (चपटे रे मासे), कासवं यांच्या संरक्षणाचे नियम ठरतात तिथे काम करायचंय. कोळंबी प्रकल्पावरची नोकरी नको. घरून दोन लाख मिळतील, वर एक रुपया नाही.

दर्याकिनारी: डोळे मिटून मुंबईत वर्सोव्याचं सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. मी तिथलाच. पुढे एआरएस (कृषी संशोधन सेवेची परीक्षा) दे, शास्त्रज्ञ हो.

काका_लंडनकर: आमच्या मुलीने इकडे मास्टर्स केलं, तीसेक लाख लागले. कर्ज काढायचं, घाबरायचं नाही!

आडवली: काका, दोन लाख लिहिलंय. एमपीएससी दे गं, मत्स्यव्यवसाय खात्यात जा. नियम राबवणारे तेच.

रापणवाला: राबवणारे? एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडणं २०१७ पासून बंद आहे म्हणे. रात्री आमच्या बंदरावर या, समुद्रात दिवाळी दिसेल.

दर्याकिनारी: धागा एलईडीचा नाही.

रापणवाला: पर्ससीनवाल्यांपैकी दिसतोस, मोठ्या जाळ्यांनी अख्खा थवा उचलणाऱ्या.

पाकट: भांडा तुम्ही. ताई, २००१ची गोष्ट वाच. जुलैत झाडून सगळ्या मुश्या-पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत टाकल्या, ओरड झाल्यावर डिसेंबरात व्हेल शार्क, करवतमासा अशा मोजक्याच ठेवल्या. कुठल्या बंदरावर कुठली जात किती उतरते हे आधी बघायला नको? म्हणून संख्याशास्त्र आणि आर (आकडेमोडीची संगणक-भाषा) शिक, पहाटे लिलावात उभं राहून जाती ओळखायला शिक. दोन्ही फुकट. पदवी कुठलीही घे.

आडवली: आपल्या महाराष्ट्रात जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई आहे की.

रापणवाला: आहे. माझ्या चुलतभावाने कासव सोडलं, अजून कागदच फिरतायत.

पाकट: तो कागद का फिरतो, हेही धोरणच. टेड, म्हणजे कासवाला जाळ्यातून निसटू देणारी चौकट, न लावल्याने २०१९ पासून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. ते जाळं ओढणाऱ्याला परवडेल कसं, हे सांगणारी माणसं हवीत.

काका_लंडनकर: सीआयएफईचं कुणी सुचवलं नाही? चांगली संस्था आहे.

खाडीकाठची: सगळ्यांना धन्यवाद. रत्नागिरीतच तीन वर्षांचं एलएल.बी. करतेय. पैशात बसतं, आणि पहाटे मिरकरवाडा बंदरावर जाता येईल.

दर्याकिनारी: चार वर्षं मासे शिकून वकील? वाया.

रापणवाला: सनद मिळाली की आमची भरपाईची केस घे. फी मासळीत.