मदत हवी आहे: सिंगल ॲक्सेल सव्वा फेरीवर अडकते आहे

नमस्कार मंडळी,

मोठेपणी फिगर स्केटिंग सुरू केलं. सॅल्काव, टो लूप, लूप, फ्लिप, लट्झ या एका फेरीच्या उड्या हळूहळू अंगवळणी पडल्या. लूप तर माझी आवडती उडी आहे. बॅकस्पिनही (मागे सरकत्या कडेवर, उजव्या पायावर घेतलेली गिरकी) व्यवस्थित धरता येते. आता राहिली आहे ॲक्सेल, आणि तिथे मी बऱ्याच काळापासून एकाच जागी थांबले आहे.

मी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणजे उजव्या पायावर मागे घसरत यायचं, डाव्या पायाच्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर पुढे पाऊल टाकायचं, उडायचं, दीड फेरी घ्यायची आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागे तोंड करून उतरायचं. वरच्या पाचही उड्या मागे सरकत सुटतात, ही मात्र पुढे तोंड करून. त्यामुळे अर्धी फेरी जास्त लागते. स्पर्धेच्या गुणांच्या तक्त्यातही सिंगल लट्झला ०.६ आणि सिंगल ॲक्सेलला १.१ आहेत, म्हणजे हा फरक फक्त माझ्या मनातला नाही.

व्हिडिओ संथ करून पाहिला तेव्हा दिसलं ते असं: पाऊल नीट पडतं, गुडघाही वाकतो. मोकळा उजवा पाय पुढे येतो, पण येताना बाहेरून कमान करून येतो. हात छातीशी येतात तोवर मी खाली यायला लागलेली असते. पाय क्रॉस होतच नाहीत. सव्वा फेरीला दोन्ही पाय बर्फावर टेकतात, ब्लेड आडवं खरवडतं आणि उडी तिथेच मरते. गंमत म्हणजे जमिनीवर, बूट न घालता, हीच उडी पूर्ण फिरते!

जाणकारांनी कृपया सांगावं:

वजन डावीकडून उजवीकडे नेमकं कधी न्यायचं? सुटतानाच, की वर गेल्यावर? "अजून उंच उडी मार" असं सगळे सांगतात, पण माझा प्रश्न खरंच उंचीचा आहे का? आणि सुटताना डावं ब्लेड थोडं घसरू द्यावं की स्वच्छ कडेवरूनच सुटावं? यावर दोन प्रशिक्षकांनी मला दोन वेगळी उत्तरं दिली आहेत.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी ही उडी शिकलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद

प्रश्न इतका नेमका मांडला आहे की उत्तर जवळपास त्यातच आहे: पाय बाहेरून येतो आणि क्रॉस होत नाही. बाकीचं त्याच्या मागोमाग होतं.

उंचीचं आधी बघू. उडी २० सेंटीमीटर गेली तर हवेत साधारण ०.४ सेकंद मिळतात. ३० सेंटीमीटर गेली तर जवळजवळ ०.५. म्हणजे उंची दीडपट केली तरी हाती लागतो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तुमची लूप पूर्ण होते, म्हणजे एक फेरी घेण्याइतकी उंची तुमच्याकडे आहे. वरची अर्धी फेरी शरीर लवकर आणि घट्ट जवळ घेतल्याने येईल. फिरण्याचा जोर बर्फ सोडतानाच मिळालेला असतो, हवेत तो वाढवता येत नाही. हात-पाय अक्षाजवळ घेतले की त्याच जोरावर वेग वाढतो, इतकंच आपल्या हातात असतं. तुम्ही हात घेता, पण पाय बाहेर राहतात. पाय हातांपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे नुसत्या हातांनी फार फरक पडत नाही.

आता वजनाबद्दल. ॲक्सेल म्हणजे वॉल्ट्झ जंप (पुढे तोंड करून सुटणारी अर्ध्या फेरीची उडी) आणि तिच्या पोटात लूप. वॉल्ट्झची अर्धी फेरी संपते तेव्हा तुम्ही हवेतच उजव्या बाजूवर "उभ्या" असायला हव्यात, आणि उरलेली एक फेरी म्हणजे तुमची लूप. सुटताना अंग डाव्या पायावर, खांदे आणि कंबर जायच्या दिशेला समोर. उजवा गुडघा वाकवून डाव्या पायाला जवळजवळ घासून पुढे-वर न्यायचा, जिना चढताना नेतो तसा. त्या गुडघ्यावर अंग चढतं तोच वजन जाण्याचा क्षण. सुटतानाच उजवीकडे कललात तर उडी आडवी पडेल, आणि शिखर ओलांडल्यावर गेलात तर वेळ उरणार नाही. पाय कमान करून आला की गुडघा वर येतच नाही. मग चढायचं कशावर?

म्हणून काही दिवस पूर्ण ॲक्सेल बाजूला ठेवा, असं मनापासून सांगते. वॉल्ट्झ जंप मारून लगेच त्याच कडेवरून लूप मारा, मधे पाय न बदलता. ते लयीत आलं की उडी न मारता नुसतं डाव्या पायावरून उजव्या पायावर चढून थेट बॅकस्पिनमध्ये जा, डावा पाय उजव्यावर क्रॉस. मग तेच छोट्या उडीने. बॅकस्पिन "धरता येते" म्हणालात, पण पाऊल टाकताक्षणी ती सापडते का, हे तपासा. माझ्या शिकवण्यात बहुतेकांची ॲक्सेल इथेच जमली आहे.

जमिनीवर होते आणि बर्फावर नाही, याचं कारण मला असं वाटतं. जमिनीवर आपण जागच्या जागी सरळ वर उडतो. बर्फावर वेग असतो, वळणाची कड असते, आणि डावा खांदा आधीच आत ओढला जातो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ब्लेड घसरण्याबद्दल मात्र लिहितो, कारण दोन्ही प्रशिक्षक आपापल्या जागी बरोबर असू शकतात. डबल आणि ट्रिपल ॲक्सेलला सुटताना ब्लेड वळून घसरतंच, ते तंत्राचाच भाग आहे. सिंगलला बरेच प्रशिक्षक आधी कडेवरून टो पिकवर (ब्लेडच्या टोकाच्या दातांवर) स्वच्छ चढत सुटायला शिकवतात, कारण नवख्याच्या बाबतीत घसरणं म्हणजे बहुधा खांदा लवकर फिरणं. बर्फावरची खूण बघा. कड शेवटी थोडी आत वळून टो पिकच्या ठिपक्यावर संपत असेल तर चिंता नको. रुंद पुसट पट्टा दिसत असेल तर खांदा आधी फिरतो आहे.

आणखी एक. अमेरिकन स्केटर इलिया मालिनिनने २०२२ मध्ये स्पर्धेत साडेचार फेऱ्यांची ॲक्सेल उतरवली, तिचे व्हिडिओ सगळेच बघतात. सिंगल शिकताना ते उपयोगाचे नाहीत, तिथे शरीर क्षणात मिटतं. त्याऐवजी विलंबित सिंगल ॲक्सेल शोधून पाहा. त्यात स्केटर वर जाईपर्यंत उघडाच राहतो आणि मग उरलेली फेरी झटक्यात घेतो. अंग उजव्या बाजूवर कधी चढतं ते त्यात स्पष्ट दिसतं.

प्रतिसाद

मोठेपणी शिकलेली मी एक! पडायची भीती असेल तर पाय क्रॉस होत नाहीत, कारण क्रॉस पायांनी पडणं नको वाटतं आणि शरीर आपोआप उघडतं. कमरेला आणि माकडहाडाला पॅड लावून सराव करा. पडताना हात टेकवायचा नाही, हनुवटी छातीकडे, कुल्ल्यावर घसरत जायचं. सोय असेल तर हार्नेसवर (वरून दोरीने आधार देणाऱ्या पट्ट्यावर) थोडा सराव करा, हवेत मिटलेलं राहण्याची ओळख होते. बूट घोट्यापाशी मऊ पडले असतील किंवा डाव्या ब्लेडची बाहेरची धार गेली असेल तर तेही बघून घ्या.

धागाकर्ती

सर्वांचे खूप आभार. वॉल्ट्झ आणि लूप जोडून केलं, ते जमतं. पण पाऊल टाकून थेट बॅकस्पिन केली तर पहिली फेरी डगमगते आणि मग स्थिर होते. म्हणजे हवेत मला नेमकी तीच पहिली फेरी हवी असते आणि ती तयार नसते. बर्फावरची खूण शेवटी पुसट आहे, पण पट्टा रुंद नाही. आधी बॅकस्पिनच पक्की करते.

एक शंका उरली: चढून बॅकस्पिनमध्ये जाताना डावा पाय लगेच क्रॉस करायचा, की आधी गुडघा वर धरून थांबायचं?

प्रतिसाद

आधी गुडघा. डावी मांडी वर, पाय मोकळा, कंबर सरळ, अशी एक फेरी स्थिर होऊ द्या. मग तो पाय उजव्यावरून खाली सरकवत क्रॉस करा. सिंगलला त्या मोकळ्या स्थितीतही फेरी पूर्ण होऊ शकते, घट्ट क्रॉसची खरी गरज डबलला लागते. पुढचा व्हिडिओ काढाल तेव्हा शक्यतो बाजूने काढा, समोरून गुडघ्याची उंची कळत नाही.