गोउथंग शेवटी घाला
सगळी द्रव्यं एकदम टाकून तासभर उकळायची, असं काही जण सांगतात, पण ते थिएनमा गोउथंग यिनला लागू नाही. रक्तदाबावरच्या या चिनी काढ्यात ११ द्रव्यं. त्यातला अबालोन या समुद्री गोगलगायीचा शिंपला कठीण, म्हणून तो फोडून आधी २०-३० मिनिटं एकटाच उकळतात, मग बाकीची. गोउथंग या वेलीच्या, हुकासारखे काटे असलेल्या काड्या मात्र शेवटच्या ५-१० मिनिटांतच. त्यातलं ऱ्हिंकोफायलिन हे दाब उतरवणारं द्रव्य लांब उकळीत घटतं.

आणि कडू लागतो म्हणून ज्येष्ठमध घालू नका! मूळ पाठात तो नाहीच. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिन या घटकामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं, दाब उलट चढतो. पाणी कमी करणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखीच खाली जातं. मा-हुआंग ही चिनी वनस्पती असलेली सर्दीची औषधंही टाळा, त्यात एफेड्रिन असतं, तेही दाब चढवतं.